गेमचे कव्हर : पाटी दिसायलाही हवी, खरीही हवी



या महिन्यात मिरजेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलाने शिक्षण संपल्यावर दोन वर्षे घरी बसून संगणकावरचा एक व्हिडिओ गेम तयार केला. आता तो ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात विकायला ठेवायचा आहे. भगिनींचे तीन प्रश्न आहेत. मुलगा म्हणतो, कव्हरच्या चित्रासाठी चित्रकाराला पैसे द्यावे लागतील. एका चित्रावर एवढा खर्च करावा का? त्याचे अब्बू म्हणतात, लोकांना खेचेल असे काहीही टाका, आत काय आहे ते नंतर कळेलच. हे बरोबर आहे का? आणि चित्रात माणसाचा चेहरा असावा की नसावा, यावरून घरात वाद आहे.

आपा, तुमचे प्रश्न अनेक घरांचे आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी हे दुकान समजून घेऊ. स्टीम हे अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचे दुकान आहे. तिथे मोठ्या कंपन्यांप्रमाणे एकटादुकटा मुलगाही आपला गेम ठेवू शकतो. प्रत्येक गेममागे १०० डॉलर शुल्क भरावे लागते आणि विक्री १,००० डॉलरपर्यंत पोहोचली की ते परत मिळते. पण या दुकानात “या भाऊसाहेब, हे बघा” म्हणणारा कुणी नसतो. गिऱ्हाइकासमोर यादी येते आणि यादीत सर्वांत आधी नजरेत भरते ते कव्हर. त्या चित्रावर बोट पडले तरच पुढचे पान उघडते. म्हणजे मुलाची दोन वर्षांची मेहनत लोक पाहणार की नाही, हे आधी ते चित्र ठरवते. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर : ऐपतीप्रमाणे, पण खर्च करावा. दुकान थाटून पाटी न लावणारा व्यापारी आपण शहाणा मानत नाही.

मात्र हे एकच चित्र नसते, हे चित्रकाराशी बोलण्याआधी लक्षात घ्या. स्टीमला वेगवेगळ्या मापांची चित्रे लागतात. मुख्य चित्र १२३२ बाय ७०६ पिक्सेल, पानाच्या माथ्यावरचे ९२० बाय ४३०, उभे ७४८ बाय ८९६ आणि छोटे ४६२ बाय १७४. हे छोटे चित्र शोधयादीत आणखी आकसून १२० बाय ४५ पिक्सेलवर येते, म्हणजे जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढे. बहुतेक नव्या मुलांची चूक इथेच होते. ते मोठ्या पडद्यावर सुंदर चित्र काढतात. त्यात डोंगर, किल्ला, पाच पात्रे, उडणारे पक्षी, सगळे असते. पेराएवढे झाल्यावर त्याचा नुसता डाग दिसतो आणि गेमचे नावही वाचता येत नाही.

म्हणून चित्रात मुख्य गोष्ट एकच ठेवा. ती मागच्या रंगातून उठून दिसली पाहिजे. गडदावर उजळ किंवा उजळावर गडद. नावाची अक्षरे जाड व सुटी हवीत. छोट्या मापात तर जवळजवळ सगळी जागा नावालाच द्यावी. मोठे चित्र नुसते लहान करून चालत नाही, छोट्यासाठी मांडणी नव्याने करावी लागते.

तुमच्या घरातील मुलांना ‘अमंग अस’ हा गेम ठाऊक असेल. तो २०१८ साली आला आणि २०२० मध्ये जगभर गाजला. त्यातली अंतराळवीरांची रंगीत गोलमटोल आकृती कितीही लहान केली तरी ओळखू येते, कारण तिची बाह्यरेषा अगदी साधी आहे.

आता चेहऱ्याचा वाद. सजीवांच्या चित्राबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत आणि त्याचा निकाल या सदरात लागणार नाही. तुमचा ज्यांच्यावर विश्वास आहे त्या आलिमांना जरूर विचारा. व्यवसायाच्या बाजूने एवढे सांगतो की, चेहऱ्याशिवाय कव्हर होत नाही हा समज खरा नाही. ‘अमंग अस’च्या आकृतीलाही नाक-डोळे नाहीत, फक्त हेल्मेटची काच आहे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ‘मिनी मेट्रो’ची सारी ओळख मेट्रोच्या नकाशावरील रंगीत रेषांची आहे. इराणचे महदी बहरामी यांनी २०१७ मध्ये आणलेला ‘एंगारे’ हा गेम तर इस्लामी कलेतील भौमितिक नक्षीवरच उभा आहे. मशिदींच्या भिंतींवर पाहतो तशी नक्षी त्यात खेळता खेळता उमटते. अशा गेमला माणसाच्या चित्राची गरजच काय?

उलट, एखाद्या गेमची कथाच एका पात्राची असेल तर तिथे ते पात्र पुढे येणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ हा गेम आपल्या हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा सांगतो, म्हणून कव्हरवर ती मुलगी आहे. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये नवोदितांच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले होते. तेव्हा वादापेक्षा मुलाला विचारा, “तुझ्या गेममध्ये खेळणारा सर्वांत जास्त वेळ काय करतो?” उत्तर “घरे बांधतो” असेल तर कव्हरवर घरे हवीत. “कोडी सोडवतो” असेल तर कोडे हवे.

यातूनच अब्बूंच्या मुद्द्याकडे येतो. मदीनेच्या बाजारातील प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजले, असे व्यापारी म्हणाला. तेव्हा ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आला आहे. गेमचे कव्हर म्हणजे राशीचा वरचा थरच. शांतपणे शेती करण्याच्या गेमवर तलवारींची लढाई दाखवली, तर वर कोरडे आणि आत ओले असाच तो सौदा झाला.

आणि यात दुनियेचाही फायदा नाही. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर गिऱ्हाईक पैसे परत मागू शकते. मालातील दोष निघाल्यास सौदा मोडण्याचा हक्क आपल्या फिकहमध्येही आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. लढाई समजून आलेला माणूस अर्ध्या तासात पैसे परत घेईल आणि वाईट अभिप्राय लिहून जाईल. शेती आवडणारा माणूस मात्र कव्हरवर तलवार पाहून आधीच पुढे निघून गेलेला असेल. खोट्या पाटीमुळे दोन्ही गिऱ्हाइके जातात.

दुकानाचेही नियम आहेत. १ सप्टेंबर २०२२ पासून कव्हरवर चित्र, गेमचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. पुरस्कार, अभिप्रायाचे गुण, सवलतीची जाहिरात चालत नाही. चित्र सर्व वयाच्या लोकांनी पाहण्याजोगे असावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र करून घेतले असेल तर तसे कळवावे लागते आणि ते गिऱ्हाइकालाही दिसते. ते लपवू नका.

चित्रकाराशी व्यवहार लेखी करा. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, तीच सवय इथे उपयोगी पडते. किती मापे, किती वेळा दुरुस्ती, पैसे केव्हा, चित्र विक्रीसाठी वापरण्याचा हक्क कुणाचा, हे सारे कागदावर येऊ द्या. गेमचे नाव वेगळ्या फाइलमध्ये आणि चित्राचे थर सुटे मागून घ्या, म्हणजे पुढे बदल करता येतात. काम झाले की मजुरी लगेच द्या.

शेवटी एक घरगुती चाचणी. त्याच प्रकारच्या दहा गेमची कव्हरे १२० पिक्सेल रुंदीची करून एका पानावर मांडा आणि मधे आपले ठेवा. गेमबद्दल काहीही ठाऊक नसलेल्या शेजारच्या मुलाला पाच सेकंद दाखवा. मग विचारा : कोणते आठवते? त्या गेमचे नाव काय? त्यात काय करायचे असेल? मधे बोलू नका, समजावू नका, कारण दुकानात समजावायला आपण नसतो. पाच-सात जणांनी बरोबर उत्तर दिले, की समजा पाटी दिसतेही आहे आणि खरीही आहे.

अल्लाह तआला तुमच्या मुलाच्या मेहनतीत आणि हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.