झाडू कोणाच्या हाती?

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. पाठोपाठ आणखी सात जण गेले. ३ ऑक्टोबरला सत्ताधारी आघाडीचे एक खासदार रुग्णालयात आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करवून घेतले. कॅमेरे अर्थातच हजर होते. शासकीय देखरेख म्हणजे या राज्यात काय समजले जाते, याचा याहून बोलका नमुना शोधूनही सापडणार नाही.

ज्या अधिकाऱ्याला रिक्त जागा भरता येत नाहीत, नव्या खाटा मंजूर करता येत नाहीत, औषधांच्या मोठ्या खरेदीचा निर्णय घेता येत नाही, त्याच्या हाती झाडू. आणि हे सारे अधिकार ज्यांच्या मुठीत आहेत ते तपासनीस! शौचालय घाण होते हे खरेच, आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण औषधखरेदीचा जाब कोणाला विचारावयाचा? तमिळनाडूने १९९४ मध्येच या कामासाठी स्वतंत्र महामंडळ उभे केले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, घेतलेल्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी, रुग्णालयामागे एक पासबुक, अशी ती साधी व्यवस्था आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साऱ्या विभागांची खरेदी हाफकिन महामंडळाच्या गळ्यात बांधली. लस बनविणे हे ज्या संस्थेचे काम, तिला राज्याचा औषधभांडारी केले! विलंबाच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. अखेर २०२३ मध्ये ते काम काढून घेऊन वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा करण्यात आला. आधीची व्यवस्था फसली, ही शासनाने स्वतःच दिलेली कबुली आहे. मधल्या सहा वर्षांसाठी झाडू कोणाच्या हाती दिला गेला?

भंडाऱ्यातही हेच झाले होते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. आग विझविण्याची पुरेशी यंत्रणा रुग्णालयात नव्हती. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची नोकरी गेली आणि पुढे त्यांच्यावर गुन्हाही दाखल झाला. कामात कसूर झाली असेल तर शिक्षा व्हावी, याविषयी वाद नाही. पण अग्निसुरक्षेवाचून इमारत वापरात राहिली कशी, या प्रश्नाचा जिना वर मंत्रालयापर्यंत जातो. चौकशी मात्र तळमजल्यावरच संपली.

आरोग्यसेवेवर शासनाची देखरेख असावी की नसावी, हा वादाचा विषयच नाही. भोर समितीने १९४६ मध्येच सांगून ठेवले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या खटल्यात निःसंदिग्ध निर्वाळा दिला की, तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि तिजोरीतील चणचण ही त्यावर सबब होऊ शकत नाही. तिजोरीचे काय झाले? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये, कोविडच्या खर्चासह, तो १.८४ टक्के होता, आणि देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम रुग्ण स्वतःच्या खिशातून भरत होते. ही मोजपट्टी लावली तर कसुरीची पहिली नोटीस अर्थखात्याच्या नावे निघेल.

यावर सत्ताधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते. सरकारी यंत्रणा भ्रष्ट आणि सुस्त आहे. म्हणून सरकारने सेवा चालवू नये, ती विकत घ्यावी आणि विकणाऱ्यावर नजर ठेवावी. कानाला गोड लागणारा हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यावर आपटतो. वैद्यकसेवेत काय हवे हे विकत घेणारा ठरवीत नाही, विकणारा ठरवितो. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये हे मांडले, त्यालाही आता सहा दशके उलटली. अशा बाजारात नजर ठेवावयाची तर सेवा चालविण्यापेक्षाही अधिक जाणकार आणि अधिक ताठ कण्याची यंत्रणा लागते. जे शासन स्वतःचे रुग्णालय सांभाळू शकत नाही, ते दुसऱ्याच्या शेकडो रुग्णालयांची देयके कशी तपासणार?

२०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेवरील महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल या प्रश्नाचे उत्तर देतो. नऊ हा आकडा दहा वेळा लिहून तयार झालेल्या एकाच मोबाईल क्रमांकावर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले आढळले. पूर्वीच्या उपचारात मृत म्हणून नोंदलेल्या रुग्णांच्या नावावर पुढे पुन्हा उपचार झाले आणि दावेही चुकते झाले. पात्रता मोबाईल क्रमांकावरून ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला. तो खरा मानला तरी मृतांच्या उपचारांचा उलगडा त्याने होत नाही. कार्डे किती वाटली, याचा हिशेब मात्र चोख ठेवला जातो. त्याच वर्षी केंद्राने आरोग्य केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव देण्याचे फर्मान काढले, आणि रंग-नावाचे नियम न पाळणाऱ्या राज्यांचा निधी अडला. आत औषध आहे की नाही यापेक्षा बाहेरचा फलक महत्त्वाचा ठरला.

आकड्यांवरची ही भक्ती भरल्या घरालाही बुडविते. अन्यूरिन बेव्हन यांनी १९४८ मध्ये उभारलेली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा समाजवाद्यांच्या अभिमानाचा विषय आहे आणि असावा. त्याच सेवेतील स्टॅफर्डच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भीषण हेळसांड झाली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१३ च्या अहवालाने दाखवून दिले की, व्यवस्थापनाचे लक्ष ताळेबंद आणि उद्दिष्टे यांत गुंतले होते, तर तपासणाऱ्या संस्था एकमेकींच्या कागदांवर विसंबून होत्या. २००८ मध्ये त्या रुग्णालयाला अधिक स्वायत्ततेचा दर्जासुद्धा मिळाला! सत्य बाहेर आणले ते रुग्णांच्या नातेवाइकांनी.

महाराष्ट्राला हे लंडनकडून शिकण्याची गरज नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपुस्तक स्वतः भरावयाचे, त्यात लाल, पिवळा, हिरवा रंग द्यावयाचा आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारावयाचे. डॉक्टर हजर का नसतात, चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची का, पैसे कोणी मागितले, असे साधे प्रश्न. पुढे प्रयोगाचा विस्तार झाला, पण तो साऱ्या राज्याचा नियम कधी झाला नाही. कारण उघड आहे. अशा सुनावणीत झाडू खालच्याच्या हाती देऊन भागत नाही. निधी का आला नाही आणि पद का भरले नाही, हे वरच्याला सांगावे लागते. आणि गंमत अशी की, केंद्रातील अनेक परिचारिकांना व डॉक्टरांनाही तेच हवे असते.

पक्षाच्या शाखांना यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे, गावाला ग्रामसभा आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागाव्यात: समितीच्या शेवटच्या बैठकीचे इतिवृत्त, मंजूर व भरलेल्या पदांची यादी आणि मागील सहा महिन्यांत मागितलेल्या व मिळालेल्या औषधांचा तक्ता. तो तक्ता केंद्राच्या भिंतीवर लावावा, आणि आमदार गावात येतील त्या दिवशी त्यांना आधी त्या भिंतीपुढे उभे करावे.