उशिरा बोलणारे मूल आणि घरातल्या भाषा

भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली सोविएत रशियाशी झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा मुलकी कारभार नागपूरच्या राजधानीतून चालत असे. त्यामुळे नोकरीनिमित्त येथे येऊन स्थायिक झालेल्या वऱ्हाड-नागपूरकडील कुटुंबांना हा मुलूख सर्वस्वी परका वाटला नसावा. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि तिच्या आसऱ्याने वसलेल्या सेक्टरांत मराठी, तेलुगू, मल्याळम, बंगाली, पंजाबी बोलणारी घरे भिंतीला भिंत लावून नांदू लागली. आज त्या घरांतील तिसऱ्या पिढीचे मूल आजीकडून मराठी, शेजारून हिंदी, कामाला येणाऱ्या बाईकडून छत्तीसगढी आणि शाळेतून इंग्रजी ऐकत वाढते. ह्या वैभवाचा अभिमान बाळगावा तितका थोडाच. परंतु त्याच वैभवावर एक खोटा ठपका ठेवला जातो, आणि त्यापायी कित्येक मुलांच्या आयुष्यातील अमूल्य काळ व्यर्थ जातो.

मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही, अशा वेळी ह्या घरांत कारण शोधायला लांब जावे लागत नाही. ‘घरात तीन-तीन भाषा, लेकरू गोंधळून गेले,’ असे शेजारीण म्हणते, बालवाडीच्या बाई म्हणतात, आणि पुष्कळदा वैद्यकीय सल्लाही तोच मिळतो की, मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. मग आजीला गप्प बसविले जाते. जिभेला वेखंड लावून पाहिले जाते. ‘त्याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलले’ ह्या घरगुती दाखल्यावर आणखी सहा महिन्यांची मुदत दिली जाते. आणि मुलाला मुळात नीट ऐकू येते की नाही, ह्या पहिल्या प्रश्नाची खातरजमा करण्याचे मात्र कोणालाच सुचत नाही.

अनेक भाषा कानी पडल्यामुळे मुलाची वाणी खुंटते, ह्या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. दोन वा तीन भाषांत वाढणारी मुले पहिला शब्द आणि पहिले द्विशब्दी वाक्य साधारणतः त्याच वयोमर्यादेत उच्चारतात, ज्या मर्यादेत एकभाषिक मुले उच्चारतात. एकेका भाषेतील शब्द निरनिराळे मोजले तर ते तोकडे भासतील, परंतु सर्व भाषांची बेरीज केली म्हणजे ही उणीव बहुधा उरत नाही. ‘मम्मी, पाणी दे दो ना गं’ असे मिश्र बोलणे हे व्याधीचे लक्षण नव्हे, ते भिलाईतील प्रौढांचेही बोलणे आहे. उलटपक्षी, भाषेच्या विकासात खरोखर अडथळा असेल तर तो मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसतो, आणि तो एक भाषा काढून घेतल्याने दूर होत नाही. स्वमग्न मुले आणि डाउन सिंड्रोम असलेली मुलेही दोन भाषा शिकू शकतात. म्हणून मराठी बंद करण्याच्या उपायाने मुलाचा विलंब जिथल्या तिथे राहतो आणि त्याच्याशी सर्वाधिक वेळ बोलणारे माणूस तेवढे त्याच्यापासून तुटते, ह्या हानीची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही.

मग काळजी केव्हा करावी? वाढीची गती मुलागणिक भिन्न असते हे खरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण करून २००६ साली जी प्रमाणे प्रसिद्ध केली, त्यांनुसार आधाराविना चालणे हे सुमारे सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत केव्हाही स्वाभाविक होय. अकाली जन्मलेल्या बाळाचे वय तर पहिली दोन वर्षे अपेक्षित जन्मतारखेपासूनच धरावे लागते. परंतु ह्या विस्तीर्ण मर्यादेलाही शेवट आहे. वर्षाचे होईतो जे बाळ बडबडगुंजन करीत नाही किंवा हव्या त्या वस्तूकडे बोट दाखवीत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द उच्चारत नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडीत नाही, अथवा येत असलेले बोलणे कोणत्याही वयात गमावून बसते, त्याच्या बाबतीत वाट पाहणे हा निर्णय असू शकत नाही. बोट दाखविण्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण त्याला भाषा लागत नाही. चार भाषांच्या घरातही बाळ एकाच बोटाने चंद्र दाखविते, आणि ते बोट उठत नसेल तर भाषांच्या गोंधळाची सबब तेथेच संपते.

हा विषय विरळ दुर्दैवाचा नाही. उत्तर गोव्यासह देशाच्या पाच भागांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे आठांपैकी एका मुलात चेताविकासाची काही ना काही अडचण आढळली. जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, अपुरे वजन, मेंदूचा संसर्ग, कुपोषणाने खुंटलेली वाढ ही त्यांतील कित्येक कारणे टाळता येण्याजोगी आहेत. आणि मापनाची साधने परदेशांतूनच आणावी लागतात असेही नाही: बडोद्याच्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या कारक आणि बौद्धिक वाढीची प्रमाणे वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने सिद्ध केली, आणि त्यांच्याच कार्यातून निवडलेल्या सतरा कसोट्यांवर तिरुवनंतपुरमचा तो सुटसुटीत तक्ता आधारलेला आहे, जो प्रशिक्षित अंगणवाडी सेविकेलाही काही मिनिटांत वापरता येतो.

सरकारी तजवीजही आहे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके, ज्यांना छत्तीसगढात ‘चिरायु’ म्हणतात, अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासतात, आणि विकासातील विलंब हा त्यांच्या तपासणीच्या चार मुख्य विषयांपैकी एक आहे. परंतु ही पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जातात. सेक्टरमधील क्वार्टरात वाढणारे आणि खासगी नर्सरीत जाणारे मूल त्यांच्या यादीतच नसते. ज्या वर्गाला आपण सुस्थित समजतो, त्याचीच मुले अशा रीतीने पद्धतशीर तपासणीवाचून राहतात. खासगी नर्सऱ्यांनी प्रवेशाच्या वेळी जन्माचा दाखला मागावा तसा श्रवणाचा आणि वाढीच्या तपासणीचाही कागद मागावा, आणि तो नसल्यास प्रवेश न नाकारता तपासणीची व्यवस्था करून द्यावी, अशी माझी मागणी आहे. येथील महाराष्ट्र मंडळांनीही वर्षातून एक दिवस ह्या कामासाठी द्यावा. गणेशोत्सवाच्या मंडपात जितकी लहान मुले एकत्र येतात तितकी एरव्ही कोठे भेटणार?

पुढील वाटही दूरची नाही. राजनांदगाव येथील केंद्र सरकारच्या, दिव्यांगांसाठी असलेल्या संयुक्त प्रादेशिक केंद्रात २०२१ च्या जूनपासून शीघ्र हस्तक्षेपाचा विभाग आहे, आणि ते गाव दुर्गच्या पुढे, नागपूरच्याच रुळावर आहे. जाण्यापूर्वी मूल कोणकोणत्या भाषांतील कोणते शब्द बोलते व समजते, ह्याची वेगवेगळी टिपणे करावीत. कानांची तपासणी आधी मागून घ्यावी. आणि मूल दिवसभर आजीपाशी असेल तर आजीला सोबत न्यावे, कारण त्याला मराठी कितपत समजते, ह्याचा तपशील तिच्याइतका अचूक दुसरे कोणी देऊ शकणार नाही.