भाकरीपाशी थांबलेला उपदेश

उपवासकाळ सुरू झाला की आमच्या चर्चमध्ये पापांची तीच यादी निघते: दारू, तंबाखू, सिनेमा, अलीकडे मोबाइल. मटण सोडणाऱ्याचं कौतुक होतं. उपदेशाचा उताराही ठरलेला, मत्तयाचा चौथा अध्याय. पण तिथं मोह तीन आहेत आणि पोटाचा त्यातला फक्त पहिला. दुसरा मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवाला वेठीला धरण्याचा, तिसरा जगातल्या राज्यांचा. आमचे उपदेशक भाकरीपाशीच थांबतात. पुढं गेलं तर चर्च कमिटीच्या निवडणुकीबद्दल बोलावं लागेल.

आणि जातीबद्दल. मोहावर तासभर बोललेल्या एका उपदेशकांनी त्याच संध्याकाळी आपल्या मुलासाठी माझ्या भाचीची चौकशी केली. शिक्षण, नोकरी, गाणं, सगळं पसंत. मग आवाज खाली आणून विचारलं, "पण तुम्ही मूळचे कोण?" बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या, तरी मूळ शिल्लकच! मी सांगितलं. पुढं त्यांचा फोन आला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली. त्यांचं सोवळं त्याआधीच सुटलं होतं. कसं, ते 'स्मृतिचित्रे'त आहे. आधी जात गेली, मग बाप्तिस्मा झाला. आम्ही क्रम उलटा धरला आणि अर्ध्यावर बसलो.

या वर्षी मी मटण सोडणार नाही. साक्षीसाठी उभं केलंच, तर त्या स्थळाची गोष्ट सांगेन. उपदेशक पहिल्या बाकावरच बसतात.