फोटो काढा, पण पाखरं उडवू नका



थंडी पडली की तापीवर कुरव उतरतात. सुरतेत सगळे त्यांना सीगल म्हणतात, कुणी 'सैबेरियाचे पाहुणे' म्हणतात. यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांवर अंडी घालतात आणि हिवाळा काढायला आपल्या पाण्यावर येतात. त्यांच्या मागोमाग कॅमेरेवाले येतात. रांदेर-सिंगणपोर कॉजवेवर सकाळी जाऊन बघा. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात गाठियाची पुडी. गाठिया हवेत उडाला की थवा डोक्यावर, आणि फोटो तयार.

फोटो झकास येतो, त्यात वाद नाही. पण कुरवाचं खाणं म्हणजे मासळी, खेकडे, किडे. आपण जाळं साफ करताना टाकलेला चुराही तो आवडीनं खातो. बेसन, तेल आणि मीठ हे त्याचं अन्न नव्हे. त्यानं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला हजारो किलोमीटर परत जायचंय. आणि रिकामी पुडी कुठे जाते? नदीत.

बाहेरच्यांना बोल लावून आम्ही मोकळे होत नाही. आपल्यातले काही जण फोटोवाल्यांना होडीतून फिरवतात. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, जरा थव्यात घाला ना, उडताना पाहिजेत." आपण घालतो, कारण चार पैसे जास्त मिळतात. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित दाखवणाऱ्या होड्यांनाही हाच मोह असतो. पण दर वेळी उडवलं की पाखराची ताकद जाते, चरायचा वेळ जातो. रोज हुसकावलं तर ते लांब बसायला लागतं, मग जागाच सोडतं. पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाला काय दाखवणार?

कुणी म्हणेल, "मी नाही म्हटलं तर तो शेजारच्या होडीत बसेल." बरोबर आहे. म्हणूनच हे एकट्यादुकट्याचं काम नाही, संस्थेचं आहे. सगळ्या होड्यांचा नियम एक असला तर गिऱ्हाईक जाईल कुठे? आणि खरं सांगायचं तर लांबून इंजिन बंद करून गप्प बसलं की पाखरं आपणहून जवळ येतात. फोटोही तेव्हाच चांगला मिळतो.

डुमस आणि सुवालीची गोष्ट वेगळी नाही. लग्नसराईत जोडपी येतात. रंगीत धूर, चमकी, फुगे, थर्माकोल, वरून ड्रोन. शूटिंग संपतं, कचरा वाळूत राहतो. ओहोटी तो घेऊन जाते आणि नंतर तोच आपल्या जाळ्यात येतो. जुलै २०२५ मध्ये तर डुमसच्या गाळात एक महागडी गाडी रुतली. तिथे गाड्या न्यायला बंदी असतानाही! लोक हसले. पण त्याच चिखलात खेकड्यांची बिळं असतात, निवटे असतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता थोडं आपल्या पोरांबद्दल. जाळ्यात कासव आलं की पाठीवर हात ठेवून रील काढायची, मग सोडायचं. तेवढा वेळ ते जीव बिचारं अडकून राहतं. कासव आणि बहिरी मासा, म्हणजे व्हेल शार्क, दोघांनाही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. व्हेल शार्कला ते २००१ साली मिळालं. मग २००४ मध्ये मोरारी बापूंनी सौराष्ट्रात सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तिथल्या मच्छीमारांनी जाळी कापून तिला सोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे, आणि त्यासाठी पुरावा म्हणून फोटो लागतो. म्हणजे कॅमेरा वाईट नाही. आधी जीव सोडवायचा, सोडवता सोडवता एकानं फोटो घ्यायचा, एवढाच क्रम पाळायचा.

आमचं म्हणणं थोडक्यात असं:

१. होडीत गाठिया, फरसाण चालणार नाही. चढण्याआधीच सांगायचं.
२. थव्यात होडी घालायची नाही. लांबून इंजिन बंद.
३. पाखरांवर ड्रोन नाही, रात्री कासवावर फ्लॅश नाही.
४. जाळी, होड्या, बोंबलाची वाळवण यांच्यापुढे फोटो काढायचा तर आधी मालकाला विचारायचं.
५. आणलेला कचरा आणणाऱ्यानेच परत न्यायचा.

येत्या बैठकीत यावर हात वर करून निर्णय घेऊ. काही बोटमालकांना हे पटणार नाही, त्यांनी जरूर यावं आणि बोलावं. पण एकदा ठरलं की सगळ्यांनी पाळायचं. पाणी आपलं घर आहे. घरी आलेल्या पाहुण्याला आपण हुसकावत नाही, मग तो कॅमेरा घेऊन आलेला असो की लडाखहून उडत आलेला.