हुंडणावळ कोणाच्या खिशात?

पुणे-सोलापूर महामार्गावर हडपसर ओलांडून पुढे गेले की लोणी काळभोर लागते. आषाढात तुकोबांची पालखी पुण्याचा निरोप घेऊन निघते, तिचा पुढचा मुक्काम याच परिसरात पडतो. एरवी या गावाची ओळख सांगायची तर उसाची शेती, रेल्वे स्थानकालगतचे तेल कंपन्यांचे डेपो, त्यांच्या दारातील टँकरच्या रांगा आणि अलीकडच्या काळात उभे राहिलेले एमआयटी आर्ट, डिझाईन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ. या साऱ्यांचा परकीय चलनाशी निकटचा संबंध आहे, असे कोणी म्हटले तर गावकरी हसतील. परंतु संबंध आहे. डेपोत साठवलेले तेल ज्या खनिज तेलापासून निघते, ते बहुतांशी परदेशातून येते आणि त्याची किंमत प्रामुख्याने डॉलरमध्ये मोजली जाते. या परिसरातील पदवीधर पुढील शिक्षणासाठी जर्मनीला, अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला जातात. आणि त्यांचे शुल्क अनेकदा त्याच उसाच्या, त्याच जमिनीच्या पैशातून भरले जाते.

हे शुल्क भरताना काय घडते, ते एका हिशेबाने पाहावे. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी तेथील गोठवलेल्या खात्यात एका वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो आगाऊ ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे. हिशेबाच्या सोयीसाठी युरोचा बाजारभाव १०० रुपये धरू. म्हणजे ११,९०,४०० रुपये झाले. आता बँकेने ग्राहकाला लावलेला दर १०२ रुपये असला, तर त्या कुटुंबाच्या खिशातून २३,८०८ रुपये जास्त गेले. ते कोणत्या पावतीवर छापले जातात? कोणत्याही नाही. पावतीवर असते ते पैसे पाठवण्याचे काही शे रुपयांचे कमिशन आणि वस्तू व सेवा कर. बहुतेक बँका वापरतात ती टप्प्यांची पद्धत धरली, तर या व्यवहारावर हा कर भरतो सुमारे १,०२९ रुपये. सरकारचे हजार रुपये पैशापैशाने नोंदवले जातात; बँकेचे जवळजवळ चोवीस हजार मात्र ‘आजचा दर’ या दोन शब्दांत गडप होतात.

गंमत अशी की मध्यमवर्गीय घरात चर्चा होते ती टीसीएसची. तो कर तर विवरणपत्र भरल्यावर वळता करून घेता येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही दर वाढले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा सात लाखांवरून दहा लाखांवर गेली आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून भरलेल्या शुल्कावरून तो उठवण्यात आला. परत मिळणाऱ्या पैशाबद्दल एवढा आरडाओरडा आणि कधीही परत न मिळणाऱ्या पैशाबद्दल चकार शब्द नाही, हे आपल्या सुशिक्षित समाजाचे लक्षण म्हणावे काय?

मराठी भाषेला हा विषय नवा नाही. हुंडीचा व्यवहार करणाऱ्या सावकाराचा मोबदला म्हणजे हुंडणावळ. एका टाकसाळीचे नाणे दुसऱ्या नाण्यात बदलताना कापला जाणारा तो बट्टा. हे शब्द आजही आपल्या कोशांत आहेत. पुण्याच्या पेठेत पैसे भरून काशीला हुंडी वटवणाऱ्या यात्रेकरूला हुंडणावळ किती, हे हुंडी हातात पडण्यापूर्वी ठाऊक असे. जुन्या सावकाराला आपण पाठ्यपुस्तकांतून यथेच्छ शिव्या दिल्या. पण निदान हुंडणावळीला तो हुंडणावळच म्हणत होता. वातानुकूलित शाखेत बसलेला नवा सावकार तिला ‘शून्य शुल्क’ म्हणतो.

दादाभाई नौरोजींनी देशाच्या संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब मांडला. मूळच्या मराठी घराण्यातील सखाराम गणेश देउस्करांनी १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ लिहून तो विषय बंगालच्या घराघरांत नेला. भारताचा पैसा लंडनला कसा जातो, हे ओळखायला त्या पिढीला अर्थशास्त्राची पदवी लागली नाही. आज ओघ तसा एकतर्फी नाही. परदेशस्थ भारतीयांनी २०२४-२५ मध्ये १३५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवली, आणि रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये त्यातील सर्वांत मोठा वाटा, सुमारे २०.५ टक्के, महाराष्ट्राकडे आला. मात्र पैसा जाताना कापला जातो तसा येतानाही कापला जातो. पाठवणारी बँक, मधली बँक, स्वीकारणारी बँक, प्रत्येकीचा आपापला चिमटा. आईच्या औषधासाठी मुलाने पाठवलेल्या पैशावरही हा चिमटा बसतो.

कार्डांची कथा आणखी रंजक आहे. परदेशात कार्ड वापरले की अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लागतो, त्यावर पुन्हा कर. दुबईच्या किंवा पॅरिसच्या दुकानात विक्रेता अदबीने विचारतो, ‘रुपयांत भरता की येथील चलनात?’ रुपयाचे नाव ऐकून आपला माणूस सुखावतो आणि रुपया निवडतो. येथेच तो फसतो. कारण तो दर त्या यंत्रामागच्या कंपनीने आपला नफा चढवून ठरवलेला असतो, आणि कित्येक बँका त्याउपर आपला अधिभार लावतातच. परदेशातील यंत्रावर रुपया निवडण्यात स्वदेशी काही नाही. तेथे स्थानिक चलनच निवडावे.

या कार्ड कंपन्यांची नियत २०१८ मध्ये जगासमोर आली. भारताने २०१२ मध्ये रुपे कार्ड आणले आणि पुढे पंतप्रधानांनी त्याच्या वापराचा संबंध देशसेवेशी जोडला. तेव्हा मास्टरकार्डने अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींकडे तक्रार केली की, भारताचे पंतप्रधान राष्ट्रवादाचा आधार घेऊन रुपेचा प्रचार करीत आहेत. ‘रॉयटर्स’ने ही बातमी दिली होती. एका सार्वभौम राष्ट्राने आपले कार्ड आपल्या नागरिकांना वापरायला सांगणे हा अपराध, आणि त्याची दाद मागायची वॉशिंग्टनमध्ये! मार्च २०२२ मध्ये याच व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातील आपले कामकाज थांबवले आणि कोट्यवधी रशियनांच्या खिशातील या कंपन्यांची कार्डे देशाबाहेर निकामी झाली. रशियाच्या युद्धाविषयी कोणाचे मत काहीही असो. दुसऱ्याच्या हातातील किल्ली म्हणजे काय, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

परंतु केवळ परकीयांकडे बोट दाखवून मोकळे होणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. वरच्या हिशेबातील २३,८०८ रुपये घेणारी बँक बहुधा भारतीयच असते, आणि अनेकदा सरकारी. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ५ ऑगस्ट २०१९ रोजी ‘एफएक्स-रिटेल’ ही व्यवस्था सुरू केली. सामान्य ग्राहकाला आपल्या बँकेमार्फत, बँका आपापसांत ज्या भावाने डॉलर घेतात त्याच्या जवळपासच्या भावाने, डॉलरची खरेदी-विक्री करता यावी, हा तिचा हेतू. बँकेने आपला मोबदला वेगळा आणि आधी जाहीर करून घ्यायचा. म्हणजे हुंडणावळ पुन्हा हुंडणावळ म्हणून लिहायची! व्यवस्था डॉलरपुरती आहे, हे खरे. परंतु अमेरिकेचे शुल्क भरणाऱ्यांसाठी ती पुरेशी होती. किती शाखांत तिचा फलक लागला? किती व्यवस्थापकांनी पालकाला स्वतःहून तिचे नाव सांगितले? क्रेडिट कार्ड आणि विमा गळ्यात मारण्यासाठी दिवसातून तीनदा दूरध्वनी करणाऱ्या यंत्रणेला याच बाबतीत वाचा फुटत नाही, याचे कारण सांगायला ज्योतिषी नको.

मुक्त बाजाराचे कैवारी म्हणतील, दर पटला नाही तर ग्राहकाने दुसऱ्या बँकेत जावे. वास्तविक पाहता, शैक्षणिक कर्ज ज्या बँकेचे, परकीय चलनही तिच्याकडूनच, असा दंडक अनेक ठिकाणी असतो. आणि व्हिसाची तारीख डोक्यावर असलेला बाप चार बँकांचे दर विचारत फिरू शकत नाही. ज्याला किंमतच सांगितली जात नाही, त्याच्या निवडीच्या स्वातंत्र्याला अर्थ कोणता?

या लपवाछपवीचा एक परिणाम अधिक गंभीर आहे. कायदेशीर मार्ग महाग पडला की ‘ओळखीचा माणूस’ पुढे येतो. तो म्हणतो, इकडे रोख द्या, तिकडे पैसे पोहोचतील. हा हवाला. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचा तो भंग ठरतोच, पण त्याच वाटेने तस्करीचा आणि दहशतवादाचा पैसाही फिरतो. दोन टक्के वाचवण्यासाठी एखाद्या सज्जन कुटुंबाने त्या वाटेला पाऊल टाकणे सर्वथा अयोग्य आहे. मात्र ती वाट स्वस्त ठेवण्याचे पाप अधिकृत मार्ग महाग करणाऱ्यांच्या माथी लागते, हेही तितकेच खरे.

उपाय सरकारी पातळीवर सुरू आहेत, याचे श्रेय दिले पाहिजे. एकेकाळी आखातात भारतीय रुपया चलन म्हणून चालत होता. त्यासाठी १९५९ मध्ये खास नोटाही काढल्या गेल्या आणि १९६६ च्या अवमूल्यनाच्या सुमारास ते पर्व संपले. त्यानंतर रुपयाने परदेशी व्यापारात पुन्हा पाय रोवायला दीर्घ काळ लागला. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात आंतरराष्ट्रीय व्यापाराची सोय केली. ऑगस्ट २०२३ मध्ये इंडियन ऑइलने अबुधाबीच्या राष्ट्रीय तेल कंपनीकडून दहा लाख पिंपे खनिज तेल रुपये मोजून घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआय सिंगापूरच्या ‘पे-नाऊ’शी जोडले गेले, त्या मुलाने तेथून घरी पैसे पाठवले तर ते काही क्षणांत पोहोचतात. पुढल्या वर्षी फ्रान्स, श्रीलंका आणि मॉरिशस येथेही यूपीआयचे पाऊल पडले.

तथापि ग्राहकाचे काम सरकार करणार नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, दत्तोपंत ठेंगडींच्या प्रेरणेने १९९१ मध्ये नागपुरात स्वदेशी जागरण मंच स्थापन झाला. या दोन्ही चळवळींत घडलेले कार्यकर्ते आज गावोगावी आहेत. साबणाच्या वडीवरील किंमत वाचायला त्यांनी समाजाला शिकवले. आता डॉलरची किंमत वाचायला शिकवावी. शाखेत जाण्यापूर्वी त्या दिवशीचा एफबीआयएलचा संदर्भ दर लिहून न्यावा. बँकेचा दर आणि तो दर यांतील फरक रकमेशी गुणून व्यवस्थापकासमोर ठेवावा. मधल्या बँकेचे शुल्क कोणावर पडणार, हे अर्जावर नोंदवून घ्यावे. अन्यथा परदेशी विद्यापीठाला रक्कम अपुरी पोहोचते आणि प्रवेश अडतो. डॉलर हवे असतील तर एफएक्स-रिटेलची मागणी लेखी करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

दरवर्षी जून-जुलै उजाडला की लोणी काळभोर, उरुळी कांचन, थेऊर या पट्ट्यातील पालक कागदांच्या फायली घेऊन बँकांच्या दारात उभे राहतात. साऱ्यांना ठाऊक असते की मुलाचे विमान कोणत्या तारखेचे आहे. संदर्भ दर लिहिलेली चिठ्ठी त्यांपैकी किती जणांच्या खिशात असेल, ते गावातील कार्यकर्त्यांनी यंदा मोजून पाहावे.