कृश देहातील मधुमेह

मधुमेह म्हणजे सुखवस्तू, स्थूल आणि बैठे काम करणाऱ्या शहरी माणसाचा आजार, ही समजूत अजून मावळलेली नाही. डहाणू तालुक्यातील कैनाडसारख्या वारली वस्तीच्या गावात तर हा विषय काढणेही अनेकांना अप्रस्तुत वाटेल. जेथे कुपोषणाची चिंता वाहायची, तेथे साखरेच्या आजाराची धास्ती कशाला? परंतु या दोन चिंता परस्परविरोधी नाहीत. पहिलीच्या पोटातूनच दुसरी जन्म घेते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. कमी वजनाच्या अर्भकांच्या अंगी स्नायू थोडे, पण चरबी मात्र तुलनेने अधिक असल्याचे त्यातून दिसले. गर्भात उपासमार सोसलेला असा देह पुढे श्रम घटले आणि आहार बदलला की मधुमेहाला लवकर बळी पडू शकतो. सुश्रुतसंहितेनेही प्रमेहाचे जन्मजात व अपथ्यजन्य असे दोन प्रकार सांगून पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो, असे नमूद केले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असून १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उपाशीपोटी रक्तशर्करा १०० ते १२५ असणे, हा तो उंबरठा; १२६ वा त्यापुढे मधुमेह. उंबरठ्यावरच्या माणसाला कोणताही त्रास जाणवत नाही, म्हणूनच तपासणीचे महत्त्व. येथे सावध झालेल्यांचा धोका आहार व व्यायामाने सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे २००६ च्या भारतीय प्रयोगात सिद्ध झाले आहे.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या तपासणीची शासकीय योजना आहे. प्रश्न ती पाड्यापर्यंत केव्हा आणि कशी पोहोचते, हा आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. मग बंद दारांवर तपासणी कोणाची करणार? ती भातकापणीच्या सुमारास, माणसे गावात असतानाच व्हावी. या पट्ट्यातील जनजातींमध्ये सिकलसेल आढळतो. अशा रुग्णांत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी फसवी ठरू शकते. तेथे प्रत्यक्ष रक्तशर्कराच मोजली पाहिजे. गर्भवतीची तपासणी व पोषण तर सर्वांत आधी, कारण तेथे दोन पिढ्यांचे आरोग्य एकदम राखले जाते.

राहिला प्रश्न सवयींचा. नागलीची भाकरी, वरई, रानभाज्या आणि भरपूर चालणे ही या भूमीची जुनीच शिदोरी. तिची जागा आता गोड चहा, बिस्किटे व शीतपेये घेत आहेत. दारिद्र्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पोटभर अन्न मिळालेच पाहिजे. मात्र समृद्धीच्या वाटेवर निघालेल्या गावाने ही शिदोरी मागे टाकू नये. शहराने जी चूक करून मग औषधांची पिशवी हाती घेतली, ती कैनाडने करण्याची मुळीच आवश्यकता नाही.