सपाट नकाशांविरुद्ध

आजचा धागा थोडा भांडखोर आहे. शिवजयंती जवळ आली की समाजमाध्यमांवर स्वराज्याचे नकाशे फिरू लागतात. भारताची बाह्यरेषा, तीत एक भगवा डाग, शेजारी हिरवा, पलीकडे करडा आणि खाली साल. मग प्रतिसादांत मोजमाप सुरू होते: अमक्याचा रंग किती मोठा, तमक्याचा किती लहान. हे नकाशे अपुरे आहेत असे म्हणणे सौम्य ठरेल; ते चुकीचे आहेत. आणि ज्यांच्या गौरवासाठी ते काढले जातात, त्यांच्यावरच ते सर्वाधिक अन्याय करतात.

एकच पट्टी घेऊ: वाई ते प्रतापगड. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३३ किलोमीटर. भारताच्या नकाशावर ते नखाएवढेही भरणार नाही. प्रत्यक्षात वाई कृष्णेच्या रुंद खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर वसली आहे. तेथून पसरणीचा चढ चढून पाचगणी, पुढे १३०० मीटरहून उंच महाबळेश्वर, आणि मग जमीन कोयनेच्या खोऱ्यात, जावळीच्या रानात कोसळते. महाबळेश्वरी वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाईत हजाराच्याही आत. ढग पश्चिमेच्या कड्यावर रिते होतात आणि वाईच्या वाट्याला उरलेले येते. म्हणून एकीकडे शेते व चराऊ माळ, दुसरीकडे सूर्य न दिसणारी झाडी.

आता १६५९ साल आठवा. अफजलखानाने पावसाळा वाईच्या तळावर काढला. घोडदळास मोकळी जमीन, जनावरांस चारा, तोफांस वाट, सारे तेथे होते. महाराजांनी भेट वाईस होऊ दिली नाही. खानाला जावळीत उतरण्यास राजी केले. १० नोव्हेंबरला गडाच्या पायथ्याशी जे घडले ते आपणा सर्वांना पाठ आहे. पण खानाबरोबर आलेली फौज का मोडली, हे त्या भेटीच्या चित्रातून कळत नाही. रानात घोडदळास फळी धरता येत नव्हती आणि परतीच्या वाटा मराठ्यांनी रोखल्या होत्या. तुमच्या नकाशात या साऱ्यासाठी दोन तलवारींचे एक चिन्ह असते!

सह्याद्रीला आपण सवयीने डोंगररांग म्हणतो. कोकणातून पाहिले तर ती तशी दिसतेही. देशावरून पश्चिमेला चालत जा. बऱ्याच ठिकाणी पठारच एकाएकी संपते आणि पायाखाली कोकण दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेल्या पठाराची ही तुटलेली कड आहे. कठीण थरांचे उभे कडे म्हणजे गडांना मिळालेले आयते तट. या कडेवरून खाली उतरणारी वाट म्हणजे घाट. (युरोपीयांनी वाटेचे नाव सबंध डोंगराला दिले, आणि आपणही ‘पश्चिम घाट’ म्हणू लागलो. असो.) राज्य करायचे ते या वाटांवर. कारतलबखान फेब्रुवारी १६६१ मध्ये लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरला आणि उंबरखिंडीत कोंडला गेला, तेव्हा एका अरुंद वाटेच्या दोन्ही टोकांवर मराठे होते. त्या दिवशी भोवतालच्या मुलुखाचा रंग कोणता होता, याने काय फरक पडला?

त्या काळचे लोकही सत्ता रंगाने मोजत नव्हते. १६६५ चा पुरंदरचा तह पाहा. २३ किल्ले मोगलांकडे, १२ महाराजांकडे, आणि प्रत्येक वाट्याखालील मुलुखाचे उत्पन्न होनांत. तहाची भाषा गडांची व महसुलाची आहे. आपण मात्र त्यावर शाळेतल्या नकाशाची सलग सीमारेषा ओढतो.

दुसरी चूक ऋतूंची. नकाशावर फक्त साल असते, महिना नसतो. सैन्ये दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, जहाजे नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात जात. वर्षातले चार महिने हा प्रदेश वेगळाच असे. औरंगजेबाने जून १७०२ मध्ये विशाळगड घेतला. नकाशात तेथे रंग बदलला की काम झाले. परंतु मृगाच्या पावसात विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परतताना, जेमतेम पन्नास किलोमीटरच्या वाटेला, बादशाही लष्कराला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढे फुगलेले, चिखलात रुतलेली जनावरे, वाटेत टाकून दिलेले सामान. हा विजय होता असे रंग सांगतो.

कोणी म्हणेल, म्हणजे भूगोलच लढला, माणसांचे कर्तृत्व काय? हा आक्षेप मला मान्य नाही. हेच घाट आदिलशाहीलाही उपलब्ध होते आणि जावळी तर १६५६ पर्यंत मोऱ्यांकडे होती. मिर्झाराजे जयसिंहाने मार्चमध्ये पुण्यास येऊन जूनच्या मध्यापर्यंत तह पदरात पाडून घेतला. त्याला कोणत्याही कड्याने अडवले नाही. जमीन कोणाच्याही बाजूची नसते. ती वाचून, योग्य महिन्यात योग्य वाट धरणे हे कर्तृत्व, आणि सपाट नकाशा नेमके तेच पुसून टाकतो.

‘नकाशा सोपा असावा’ हे मला पटते. उंचीच्या चार छटा, प्रमुख घाटवाटा, गड आणि कोपऱ्यात महिना, एवढे एका चौकटीत सहज बसते. पुढील भागात विशाळगड ते पन्हाळा या वाटेचा उंचीसह छेद काढून देतो. रंग भरायचेच असतील तर त्यात भरा.